विश्लेषण : काम हिंजवडीचे, मुक्काम चियांग माईत… व्हिसा मिळाला तरी घोडे कुठे अडते?

थायलंडने १५ जुलै २०२४पासून 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा' म्हणजेच 'डीटीव्ही' सुरू केला आणि परदेशातल्या एखाद्या शहरात काही महिने राहून भारतातल्या कंपनीचेच काम करण्याची कल्पना पहिल्यांदाच रुपयांत पगार घेणाऱ्या तरुणांच्या आवाक्यात आली. समाजमाध्यमांवर त्याचे रील्स भरपूर दिसतात. मागे डोंगर, टेबलावर कॉफी, समोर उघडा लॅपटॉप. या रील्समध्ये कंपनीची लेखी परवानगी दिसत नाही, दोन देशांच्या कर खात्यांचा हिशेब दिसत नाही आणि आपण राहायला गेल्यामुळे त्या गल्लीतले भाडे कुणासाठी वाढले, हेही दिसत नाही. या सगळ्यात व्हिसा हा सर्वांत सोपा टप्पा आहे. म्हणून सुरुवात तिथून करू.

'डीटीव्ही'मध्ये नेमके काय मिळते?

हा व्हिसा पाच वर्षांसाठी वैध असतो. त्यावर कितीही वेळा ये-जा करता येते. प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस राहता येते आणि तिथे राहून आणखी १८० दिवसांची मुदतवाढ मागता येते. मूळ शुल्क १० हजार थाई बाट, म्हणजे साधारण २६ ते २८ हजार रुपये. वयाची २० वर्षे पूर्ण हवीत. दूरस्थ काम करणारा नोकरदार, फ्रीलान्सर, मुए थाई किंवा थाई स्वयंपाकाचा वर्ग लावणारा, उपचारांसाठी जाणारा अशा अनेकांना तो मिळू शकतो. नोकरदाराला मालकाचे पत्र किंवा करार दाखवावा लागतो. थाई कंपनीत नोकरी मात्र या व्हिसावर करता येत नाही.

खरी अट पैशाची आहे. खात्यात पाच लाख बाट, म्हणजे १३-१४ लाख रुपये शिल्लक दाखवावी लागते. ही रक्कम लहान नाही. तरीही इतर देशांच्या तुलनेत थायलंड भारतीयांना सोयीचा वाटतो, तो याच अटीमुळे. बहुतेक देश मासिक किंवा वार्षिक पगाराचा आकडा मागतात आणि तो डॉलर किंवा युरोच्या हिशेबाने ठरवलेला असतो. थायलंड शिल्लक मागतो. पाच-सहा वर्षे नोकरी करून बचत केलेला, लग्न किंवा फ्लॅटचा हप्ता अजून सुरू न झालेला तरुण या अटीत बसू शकतो.

टुरिस्ट म्हणून जाऊन लॅपटॉप उघडला तर?

थायलंडने जुलै २०२४मध्येच भारतीयांना ६० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश जाहीर केला. ही मुदत कमी करण्याच्या हालचाली त्यानंतर लवकरच सुरू झाल्या, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर आकडा पाहावा. पण पर्यटक म्हणून गेलेल्याने काम करायचे का, हा प्रश्न वेगळा आहे.

थायलंडमध्ये परदेशी व्यक्तीने परवान्याविना काम केल्यास पाच हजार ते ५० हजार बाट दंड आणि हकालपट्टी अशी तरतूद आहे. हॉटेलच्या खोलीतून दोन ईमेलना उत्तर देणाऱ्याला कुणी पकडत नाही, हे खरे. पण २०१४मध्ये चियांग माईतल्या एका को-वर्किंग जागेवर इमिग्रेशनचे अधिकारी पोहोचले होते आणि लॅपटॉपवर काम करणाऱ्या परदेशींना चौकशीसाठी नेले होते. त्यांना नंतर सोडून देण्यात आले. कायद्यातली ही संदिग्धता दहा वर्षे तशीच राहिली आणि 'डीटीव्ही'ने ती बऱ्याच अंशी दूर केली. मग १० हजार बाट वाचवण्यासाठी पुन्हा त्याच संदिग्धतेत शिरण्यात शहाणपण नाही. मुदत संपली की शेजारच्या देशात जाऊन त्याच दिवशी परतायचे, हा 'व्हिसा रन'चा जुना मार्गही आता भरवशाचा राहिलेला नाही.

इतर देशांचे दरवाजे किती उघडे?

एस्टोनियाने ऑगस्ट २०२०मध्ये खास अशा कामगारांसाठी व्हिसा आणला. त्यानंतर डझनावारी देशांनी तशा योजना जाहीर केल्या. यादी लांब आहे, पण भारतीय पासपोर्ट आणि भारतीय पगार हातात घेऊन ती वाचली की झपाट्याने आखूड होते.

सर्वांत बोलके उदाहरण जपानचे. 'डिजिटल नोमॅड' हे नाव रूढ करणाऱ्या १९९७च्या पुस्तकाचे एक लेखक जपानी अभियंते त्सुगिओ माकिमोतो. त्याच जपानने मार्च २०२४च्या अखेरीस सहा महिन्यांचा नोमॅड व्हिसा आणला. एक कोटी येन वार्षिक उत्पन्नाची अट ठेवली आणि पात्र देशांची यादी केली. भारत त्या यादीत नाही. म्हणजे बंगळूरुचा अभियंता जपानी पगाराच्या दुप्पट कमावत असला, तरी या दारातून त्याला प्रवेश नाही.

इंडोनेशिया बालीसाठी जो दूरस्थ कामाचा परवाना देतो, त्याला वर्षाला ६० हजार डॉलर उत्पन्न लागते. म्हणजे ५० लाख रुपयांच्या वर. दुबईची अट महिन्याला साडेतीन हजार डॉलरची. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२पासून सुरू केलेल्या व्हिसासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई हवी. मलेशियाची २०२२ची 'डीई रंताऊ' योजना त्यातल्या त्यात जवळची. माहिती-तंत्रज्ञान आणि डिजिटल क्षेत्रातल्यांना वर्षाला २४ हजार डॉलरची अट आहे, मुक्काम तीन ते १२ महिने. शिवाय वेळेचे गणितही पाहावे लागते. बँकॉक भारताच्या दीड तास पुढे आहे. सकाळी साडेनऊचा स्टँड-अप तिथे अकराला होतो, म्हणजे उलट सोयच. लिस्बनमध्ये तोच स्टँड-अप हिवाळ्यात पहाटे चारला येतो.

कंपनी 'नाही' का म्हणते?

व्हिसावर चर्चा खूप होते. माझ्या बॅचच्या ग्रुपवरही दर दोन महिन्यांनी कुणी तरी 'कोणता देश?' असे विचारतोच. मॅनेजरला विचारले का, यावर मात्र शांतता असते. कारण बहुतेकांना उत्तर माहीत असते.

कंपनीच्या नकारामागे नुसता संशय नसतो. पहिली अडचण ग्राहकाशी झालेल्या कराराची. पुण्या-मुंबईतल्या आयटी सेवा कंपन्यांमध्ये अनेक प्रकल्प 'ओडीसी'तून, म्हणजे त्या ग्राहकासाठी राखून ठेवलेल्या बंदिस्त विभागातून चालतात. घरून काम करायलाही तिथे ग्राहकाची लेखी संमती लागते. बँकेचा किंवा रुग्णालयाचा डेटा कोणत्या देशातून पाहिला जाईल, हे करारात लिहिलेले असते. तो चियांग माईच्या कॅफेच्या वायफायवरून उघडला, तर करारभंग कंपनीच्या नावावर जातो.

दुसरी अडचण कराची. एखाद्या देशात कंपनीचे 'स्थायी आस्थापन' आहे असे तिथल्या कर खात्याने ठरवले, तर कंपनीच्या नफ्यातल्या वाट्यावर तो देश कर मागू शकतो. चार महिने कोड लिहिणाऱ्या एका कर्मचाऱ्यामुळे असे होण्याची शक्यता कमी. ग्राहकांशी बोलणी करून सौदे पक्के करणारा सेल्सप्रमुख तिथे जाऊन बसला, तर मात्र ती खरी. 'ओईसीडी' या श्रीमंत देशांच्या संघटनेने नोव्हेंबर २०२५मध्ये आपल्या आदर्श करारावरील भाष्यात यासाठी एक मापदंड घातला. बारा महिन्यांतला निम्म्याहून कमी कामाचा वेळ परदेशातल्या घरातून झाला, तर ते घर सहसा कंपनीचे आस्थापन मानू नये, असे त्याचे सार. भारत आणि थायलंड दोघेही या संघटनेचे सदस्य नाहीत. तरीही मनुष्यबळ विभागाला निदान हाताशी धरायला एक आकडा मिळाला.

म्हणूनच कंपन्यांची सध्याची भूमिका पटत नाही. नियम लिहायचाच नाही, विचारले तर नाही म्हणायचे आणि न विचारता गेलेल्याकडे काम होत असेपर्यंत काणाडोळा करायचा, असा सगळा प्रकार आहे. त्यातून मग व्हीपीएन लावून लोकेशन पुण्याचे दाखवण्याचे उद्योग सुरू होतात. हे लपतही नाही. लॅपटॉप कोणत्या नेटवर्कवरून जोडला गेला, लॉग-इन कोणत्या वेळी झाले, हे कंपनीच्या सुरक्षा यंत्रणेत नोंदले जातेच. उघड झाल्यावर कारवाई 'परदेशात राहिला' यासाठी होत नाही, 'खोटे लोकेशन दाखवले' यासाठी होते. त्या आरोपावर नोकरी गेली, तर अनुभव प्रमाणपत्राचाही प्रश्न उभा राहतो. वर्षाला किती दिवस, कोणत्या देशांतून, कोणत्या प्रकल्पांसाठी आणि कराचा भार कुणाचा, एवढे चार मुद्दे एका पानावर लिहून देणे कोणत्याही मोठ्या कंपनीला अवघड नाही.

फ्रीलान्सरला हा अडथळा नसतो. पुढचा मात्र त्यालाही चुकत नाही.

कराचे गणित दिवसांवर कसे फिरते?

'सहा महिन्यांपेक्षा कमी राहिले की कर नाही' हे वाक्य सर्रास ऐकू येते. त्यात कोणते सहा महिने, हे कुणी सांगत नाही.

थायलंडचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यात १८० किंवा अधिक दिवस राहिलेली व्यक्ती तिथली कर-रहिवासी ठरते आणि १ जानेवारी २०२४पासूनच्या नियमानुसार अशा व्यक्तीने बाहेरच्या देशातली कमाई थायलंडमध्ये आणली, तर ती करपात्र होते. भारताचे वर्ष एप्रिल ते मार्च. इथे १८२ दिवस राहिले की तुम्ही भारताचे रहिवासी आणि तुमच्या जगभरातल्या उत्पन्नावर इथे कर. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू असला, तरी रहिवासाची ही मोजणी कायम ठेवण्यात आली आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही १ जानेवारी ते २९ जून असे १८० दिवस थायलंडमध्ये काढले. हे सगळे दिवस तिथल्या एकाच करवर्षात पडले, त्यामुळे तुम्ही थायलंडचे रहिवासी. भारतात मात्र ते दोन आर्थिक वर्षांत विभागले गेले. मार्चपर्यंत ९० आणि एप्रिलनंतर ९०. दोन्ही वर्षांत उरलेला काळ तुम्ही इथेच असाल, तर तुम्ही भारताचेही रहिवासी. दोन्ही देश म्हणतात, हा आमचा.

तेच १८० दिवस १ ऑक्टोबर ते २९ मार्च असे काढा. थायलंडच्या एका वर्षात ९२, दुसऱ्यात ८८. दोन्हीकडे १८०च्या खाली, म्हणून तिथले रहिवासी नाही. भारतात १८० दिवस एकाच आर्थिक वर्षातून वजा होतात आणि १८५ उरतात. म्हणजे तुम्ही इथले रहिवासी आहातच. मुक्काम तेवढाच, खर्चही तेवढाच, फक्त महिना बदलला आणि कागदावरची ओळख बदलली. परतीचे विमान थोडे पुढे ढकलून भारतातले दिवस १८२च्या खाली गेले, तरी सुटका होईलच असे नाही. वर्षात किमान ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात असलेल्यांसाठी दुसरा निकष आहे आणि नोकरी इथलीच ठेवून गेलेला माणूस बहुधा त्यात सापडतो.

दोन्ही देश दावा करतात, तेव्हा भारत-थायलंड करार कामी येतो. कायमचे घर कुठे, कुटुंब आणि आर्थिक संबंध कुठे, अशा क्रमाने एक देश ठरतो. शिवाय बसून काम जिथे केले त्या देशाचा पगारावर पहिला हक्क, हे सामान्य तत्त्व आहे. त्यातून सवलत मिळते ती मुक्काम १८३ दिवसांच्या आत असेल, पगार देणारी कंपनी तिथली नसेल आणि पगाराचा खर्च तिच्या तिथल्या आस्थापनावर पडत नसेल तर. 'डीटीव्ही'ची पहिली १८० दिवसांची मुदत या मर्यादेत बसते. मुदतवाढ घेतली की बसत नाही. त्या क्षणी सीएला फोन करावा, आणि जमल्यास त्याच्या आधी.

आणखी एक बारीक गोष्ट. सोयीसाठी तिथल्या बँकेत खाते उघडले, तर भारताच्या रहिवासी करदात्याने ते विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचे असते, त्यात दोन हजार बाट असले तरी. न दाखवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्यात १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या, स्थावर वगळता इतर परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली. दाखवण्याचे बंधन मात्र गेलेले नाही.

तिथे राहताना काय आड येते?

भारतातला आरोग्य विमा सहसा भारतातच चालतो आणि प्रवास विमा अचानक उद्भवलेल्या आजारापुरता, ठरावीक दिवसांसाठी असतो. सहा महिन्यांच्या मुक्कामाला तो पुरेल का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत पाहावे. स्कूटर भाड्याने घेणार असाल, तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा आणि त्यावर दुचाकीची नोंद आहे ना, हे तपासावे. वैध परवाना नसताना अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते.

भारतीय सिम बंद पडू देऊ नये, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. तुम्ही कुठे राहता हे घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचे असते. त्या अर्जाला 'टीएम-३०' म्हणतात आणि मुदतवाढीच्या वेळी त्याची पावती मागितली जाते. सलग ९० दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास पत्त्याची वेगळी वर्दी द्यावी लागते.

चियांग माईचे रील्स बहुतेक नोव्हेंबर ते जानेवारीतले असतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तिथे शेतातले काड जाळले जाते, जंगलांना वणवे लागतात, म्यानमार आणि लाओसकडचा धूर येतो आणि डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात अडकून राहतो. जगातल्या सर्वाधिक प्रदूषित शहरांच्या रोजच्या यादीत त्या दिवसांत हे शहर अनेकदा वरच्या क्रमांकावर असते. समोरचा डोंगर दिसेनासा होतो. दिल्लीची हवा टाळायला निघालेल्यांनी महिना बघून निघावे.

आणि त्या शहराचे काय?

मेक्सिको सिटीने ऑक्टोबर २०२२मध्ये एअरबीएनबी आणि युनेस्कोसोबत करार करून दूरस्थ काम करणाऱ्यांना शहरात या, असे आवाहन केले. तेव्हा शहराच्या प्रमुख होत्या क्लॉडिया शेनबॉम, ज्या आता मेक्सिकोच्या अध्यक्ष आहेत. जुलै २०२५मध्ये त्याच शहरातल्या रोमा आणि कोंदेसा या भागांत भाडेवाढीविरोधात मोर्चा निघाला, दुकानांच्या काचा फुटल्या. त्याच महिन्यात महापौर क्लारा ब्रुगाडा यांना भाडेवाढीला लगाम घालण्याचा आराखडा मांडावा लागला. पोर्तुगालने परदेशींना दहा वर्षे दिलेली घसघशीत करसवलत २०२४पासून नव्या अर्जदारांसाठी बंद केली. लिस्बनमधली घरे स्थानिकांच्या हाताबाहेर जात असल्याचा राग हे त्यामागचे मोठे कारण होते.

भाडे एकट्या लॅपटॉपवाल्यांमुळे वाढत नाही. पर्यटन, गुंतवणूकदार, घरांचा तुटवडा हे सगळे त्यात असते. पण बाहेरच्या पगारावर जगणारा भाडेकरू स्थानिक पगाराला परवडणार नाही असे भाडे 'स्वस्तच आहे' म्हणून देतो, तेव्हा घरमालकाला पुढचा आकडा कळतो. मराठी वाचकाला हे समजण्यासाठी मेक्सिकोपर्यंत जायला नको. टाळेबंदीनंतर दिल्ली-मुंबईचे पगार घेऊन आसगाव, शिवोली, हणजूणमध्ये राहायला आलेल्यांमुळे तिथल्या भाड्यांचे काय झाले, हे म्हापशात नोकरी करून त्याच गावात खोली शोधणाऱ्याला विचारावे. गोव्यात त्यावर नाराजी व्यक्त करणारेच चियांग माईत गेल्यावर 'किती स्वस्त' म्हणून पोस्ट टाकतात, हेही आहेच.

थायलंडच्या २००४च्या हॉटेल कायद्यानुसार परवाना नसलेला फ्लॅट ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देता येत नाही. तरी ॲपवर असे फ्लॅट रात्रीच्या दराने सर्रास दिसतात. त्यापेक्षा महिन्याच्या करारावर भाड्याने दिल्या जाणाऱ्या इमारतीत खोली घ्यावी आणि अनामत देण्याआधी 'टीएम-३०' भरणार का, असे मालकाला विचारावे. तो टाळाटाळ करू लागला, तर दुसरी खोली पाहावी.